हिवाळी आच्छादन पिकाची आखणी : उत्पादन न गमावता जमिनीतला कर्ब कसा वाढवावा

मुख्य पिकाची काढणी आटोपल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत थंड प्रदेशातले रान चार-सहा महिने उघडे पडते. या काळात जमिनीत शिल्लक राहिलेले नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून जाते, पावसाच्या माऱ्याने मातीवर पापुद्रा धरतो आणि वरच्या थरातील सूक्ष्मजीवांना जिवंत मुळांचे खाद्य मिळत नाही. हा रिकामा काळ भरून काढण्यासाठी राय, ओट, व्हेच किंवा क्लोव्हर यांसारखे पीक दाण्याच्या अपेक्षेने नव्हे, तर केवळ जमिनीसाठी घेतले जाते. यालाच आच्छादन पीक म्हणतात. (येथे राय म्हणजे गव्हासारखे तृणधान्य, मोहरीवर्गातील राईशी त्याचा काही संबंध नाही. व्हेच व क्लोव्हर ही द्विदल चारापिके आहेत.)

अशा पिकाकडून दोन अपेक्षा केल्या जातात : पुढच्या पिकाला चांगला बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीला होणारा लाभ) मिळावा आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) वाढावा. मात्र या दोन अपेक्षा परस्परांना पूरक असतातच असे नाही. कर्बासाठी आच्छादन पीक जितके वाढेल तितके हवे असते, तर मुख्य पिकासाठी ते वेळेत संपलेले बरे असते. म्हणून बियाणे आणण्यापूर्वी पिकाच्या नावाइतकीच ते मोडण्याची, म्हणजे त्याची वाढ संपवण्याची, तारीखही ठरवावी.

निवड करताना पुढचे पीक डोळ्यांसमोर ठेवावे. मक्यासारख्या नत्राच्या भुकेल्या पिकापूर्वी व्हेच किंवा क्लोव्हर हे द्विदल पीक घ्यावे. मक्याला खतातून नत्र कमी दिले असता द्विदल आच्छादनाचा फायदा स्पष्ट दिसतो, पण खताची मात्रा पूर्ण होत जाते तसा तो विरत जातो. राय किंवा ओट यांच्यामुळे मक्याच्या उत्पादनात सरासरी फारसा फरक पडत नाही. त्यांचे खरे काम उरलेले नत्र धरून ठेवण्याचे आहे आणि त्यात ती द्विदलांपेक्षा कितीतरी सरस आहेत. सोयाबीन स्वतःचे नत्र मिळवत असल्यामुळे त्यापूर्वी राय निर्धास्तपणे घेता येते. राय व व्हेच यांचे मिश्रण हा मधला मार्ग बहुतेक ठिकाणी चालतो, कारण व्हेचच्या वेलाला रायच्या ताटांचा आधार मिळतो आणि वाढ मोकळी होते.

पेरणी जितकी लवकर, तितकी मुळे खोल. राय उशिरापर्यंत चालते, कारण तिचे बी अगदी थंड मातीतही उगवते. द्विदलांना मात्र कडक थंडीपूर्वी पाच-सहा आठवड्यांची वाढ मिळालीच पाहिजे. पेरणी यंत्राने पेरताना राय हेक्टरी ७० ते १२० किलो आणि व्हेच सुमारे २० किलो पुरतो. मिश्रणात दोन्हींचे प्रमाण घटवावे. राय २ ते ४ सेंमी खोल पडावी, क्लोव्हरचे बारीक बी १ सेंमीहून खाली जाऊ देऊ नये. द्विदलांच्या बियाण्याला त्या-त्या गटाचे जिवाणूसंवर्धन (मुळांवर हवेतले नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचे विरजण) चोळावे. क्लोव्हरचे संवर्धन व्हेचला लागू पडत नाही. आधीच्या पिकात वापरलेल्या तणनाशकाचा अंश जमिनीत टिकून असेल, तर उगवणच होत नाही आणि दोष विनाकारण बियाण्याला दिला जातो.

खरी कसोटी वसंतात लागते. मक्यापूर्वीची राय पोटरीत येण्याच्या (ओंबी ताटात फुगू लागण्याच्या) आधी आणि मक्याच्या पेरणीपूर्वी किमान १० ते १४ दिवस मोडावी. कोवळ्या रायमध्ये कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या एका भागामागे कर्बाचे भाग) साधारण २५ च्या आसपास असते आणि ती सहज कुजते. ओंब्या बाहेर पडून ताटे वाळू लागली की ते ८० पर्यंत जाते. असा चिवट काड कुजवताना जिवाणू जमिनीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. चार-पाच पानांवरचा मका सर्वत्र फिकट पिवळा दिसू लागतो, त्यामागे बरेचदा हेच कारण असते. शिवाय मरणाऱ्या रायच्या मुळांवर वाढलेल्या बुरशा लगेच पेरलेल्या मक्याच्या कोवळ्या मुळांवर जातात आणि ओळीत नांग्या (रोपांविना रिकाम्या जागा) पडतात. राय उशिरा मोडावी लागलीच, तर मक्याच्या एकूण खतमात्रेपैकी हेक्टरी ३० ते ५० किलो नत्र पेरणीच्या वेळीच ओळीच्या बाजूला ५ सेंमी अंतरावर द्यावे. एकूण मात्रा तीच राहते, फक्त तिचा हा भाग लवकर द्यायचा.

द्विदलांचे गणित निराळे आहे. व्हेच फुलोऱ्यापर्यंत वाढू द्यावा, कारण त्यातले बरेचसे नत्र शेवटच्या काही आठवड्यांत साठते. ते किती आहे हे अंदाजाने ठरवू नये. अर्धा मीटर बाजूची चौकट रानात पाच ठिकाणी टाकून आतला पाला जमिनीलगत कापावा, पूर्ण वाळवावा आणि सरासरी वजन काढावे. ग्रॅममधील या आकड्याला ४० ने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. सरासरी १०० ग्रॅम भरली तर हेक्टरी ४ टन कोरडे वजन झाले. त्यात साडेतीन टक्के नत्र धरले तर १४० किलो होते आणि त्यातले साधारण निम्मे, म्हणजे ७० किलो, पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागते. खताच्या मात्रेतून तेवढेच वजा करावे. व्हेचच्या शेंगा मात्र भरू देऊ नयेत, कारण त्याचे कठीण कवचाचे बी वर्षानुवर्षे जमिनीत पडून राहते आणि पुढे गव्हात तण म्हणून उगवते.

पाणी कमी असेल तेथे आच्छादन पीक या सगळ्या तारखांपेक्षा लवकर मोडावे. आच्छादन पीक जमिनीतली ओल पिऊन टाकते आणि पाऊस लांबला तर मुख्य पिकाच्या बियाण्याला वाफसाच सापडत नाही. अमेरिकेच्या मका पट्ट्यात तीन किंवा अधिक वर्षे आच्छादन पीक घेतलेली शेते उपग्रहाच्या साहाय्याने तपासली गेली, तेव्हा मक्याचे उत्पादन सरासरी ५.५ टक्के आणि सोयाबीनचे ३.५ टक्के कमी आढळले. हा आकडा घाबरवण्यासाठी नाही, पण ‘उत्पादन वाढतेच’ असे सांगणाऱ्यांनी तो झाकूनही ठेवू नये.

आता कर्बाविषयी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३७ ठिकाणच्या प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात आच्छादन पिकांमुळे वरच्या २२ सेंमी थरात दरवर्षी हेक्टरी सरासरी ०.३२ टन कर्ब वाढल्याचे दिसले. मातीची स्थूल घनता (एक घन सेंटिमीटर मातीचे कोरडे वजन) १.३ ग्रॅम धरली तर एवढ्या थराचे वजन हेक्टरी सुमारे २,८६० टन होते. म्हणजे वार्षिक वाढ ०.०११ टक्के, आज १.०० टक्का असलेला कर्ब पाच वर्षांनी जेमतेम १.०६ टक्के होणार. एकाच रानाच्या दोन कोपऱ्यांतला फरक याहून मोठा असतो. कोणी दोन वर्षांत अर्धा टक्का कर्ब वाढल्याचे सांगितले, तर नमुना कोठून व किती खोलीवरून घेतला हे आधी विचारावे. अर्धा टक्का म्हणजे हेक्टरी १४ टन कर्ब, आणि ४ टन पाल्यात मुळात पावणेदोन टनांच्या आतबाहेरच कर्ब असतो. त्यातलाही बहुतांश कुजताना हवेत निघून जातो. मुळांतून आलेला कर्ब पाल्याच्या मानाने अधिक टिकतो. रायचे एक ठोंब उपटून पाहावे : मुळांच्या जाळ्याला माती रवाळ कणांच्या रूपात लगडलेली दिसते आणि झटकली तरी सहज सुटत नाही. ही रचना वारंवारच्या नांगरटीने मोडते, म्हणून आच्छादन मोडताना शक्य तेथे ताटे चेपून आडवी पाडणारा रोलर वापरावा. मात्र राय फुलोऱ्यावर येण्यापूर्वी रोलर फिरवला तर ताटे पुन्हा उभी राहतात. साहजिकच ही पद्धत मक्यापेक्षा सोयाबीनपूर्वी अधिक जुळते.

मोजणी करायची असेल तर पहिल्याच वर्षी रानात एक पट्टा आच्छादनाविना राखून ठेवावा आणि तो दरवर्षी तोच असावा. दोन्ही भागांतून खुणेच्या जागी, वर्षाच्या त्याच महिन्यात, ३० सेंमीपर्यंतचे नमुने घ्यावेत, स्थूल घनताही मोजावी आणि तपासणी त्याच प्रयोगशाळेत त्याच पद्धतीने करून घ्यावी. कर्बाची दुसरी तपासणी पाच वर्षांनी केली तरी पुरे. पट्ट्याचे आणि बाकीच्या रानाचे उत्पादन मात्र दर हंगामाला वेगळे तोलावे आणि त्या आकड्याशेजारी आच्छादन पीक मोडल्याची तारीख लिहून ठेवावी.