आयटीआय झालंय आणि सोलरमध्ये काम करायचंय? मग आधी हे शिका

भाच्याचं इलेक्ट्रिशियन ट्रेड पूर्ण झालं आणि त्याने विचारलं, मामा आता काय करू, सगळे म्हणतात एनर्जीत स्कोप आहे. स्कोप आहेच, पीएम सूर्यघर योजना 2024 ला आली तीच 1 कोटी घरांचं टार्गेट घेऊन, 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी, त्यामुळे छतावर पॅनल बसवणाऱ्यांना माणसं कमी पडतायत. पण नुसतं सर्टिफिकेट घेऊन गेलात तर पॅनल उचलायच्या कामालाच ठेवतील, म्हणून हाताला काय यायला हवं ते सांगतो.

सगळ्यात आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, समजून घ्या. घरच्या वायरिंगमध्ये एसीची सवय असते, इथे एकेका पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (लोड जोडलेला नसतानाचं) 50 च्या आसपास असतं आणि दहा पॅनल सिरीजमध्ये जोडले की थेट 500 व्होल्ट डीसी, आणि ऊन आहे तोवर पॅनल बंद होत नाही. चालू लोडवर एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारा प्लग) ओढला तर आर्क, म्हणजे हवेतून उडणारी विजेची ज्वाळा, होतो आणि डीसीचा आर्क एसीसारखा पटकन विझत नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडची वीज तोडणारा स्विच), मग डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर वायरीभोवती लावून करंट शून्य आहे ना बघायचं, आणि मगच कनेक्टरला हात. हा क्रम झोपेतही आठवला पाहिजे.

दुसरं म्हणजे क्रिंपिंग, कनेक्टरची पिन टूलने वायरीवर दाबून घट्ट बसवणं. पिन दाबून झाली की वायर ओढून बघाच, सैल राहिली तर तिथेच गरम होऊन कनेक्टर वितळतो. मी असा काळा पडलेला कनेक्टर हातात घेऊन बघितलाय, बाकीचं सगळं काम एकदम चोख होतं तरी!!

अर्थिंग मोजणं, उंचीवरून पडू नये म्हणून फुल बॉडी हार्नेस (अंगभर पट्टे) नीट घालणं, इंग्रजी डेटाशीट वाचणं, हेही लागतंच.

कोर्स करायचा तर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र बघा, तीनेक महिन्यांचा असतो, पण प्रवेशाआधी प्रॅक्टिकल किती ते विचारा. अप्रेंटिसशिप मिळाली तर सोडू नका, स्टायपेंड कमी वाटला तरी. सोबत वायरमन परवान्याच्या मागे लागा, पुढे सुपरवायझर आणि स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट लायसन त्याच वाटेने येतं.

उंचीची भीती नसेल तर साताऱ्याकडे वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर मेंटेनन्सची कामं असतात. डिग्रीवाल्यांची वाट वेगळी, एनटीपीसीसारख्या सरकारी वीज कंपनीत गेट ही इंजिनिअरिंगची परीक्षा लागते, आणि कारखान्यांची वीज वाचवण्यात रस असेल तर बीईईची (केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेची) एनर्जी ऑडिटर परीक्षा आहे.

भाच्याला मी आधी मल्टिमीटर आणि क्रिंपिंग टूल घेऊन दिलंय, रोज संध्याकाळी जुन्या वायरच्या तुकड्यांवर वीस क्रिंप करतो आणि प्रत्येक ओढून बघतो.