एजॅक्सला सर्व्हरवरून डेटा पाठवताय? या चुका टाळा

एजॅक्स म्हणजे पूर्ण पेज पुन्हा लोड न करता ब्राउझरने मागच्या मागे सर्व्हरकडून डेटा आणणं. एका वाचनालयासाठी असंच पुस्तकं शोधायचं पेज करत होतो. शोध टाकला की सर्व्हरवरचा पीएचपी कोड डेटाबेसमधून यादी काढणार आणि तिचं जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) करून ब्राउझरला देणार, एवढंच काम. 'कादंबरी' टाकलं की यादी यायची, 'प्रवासवर्णन' टाकलं की पेज कोरं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये स्टेटस २००, म्हणजे सगळं ठीक, पण रिस्पॉन्स रिकामा, आणि कन्सोलला लाल ओळ, 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ जेसन इनपुट'. दोन रात्री मी जावास्क्रिप्टच उकरत बसलो आणि चूक होती सर्व्हरवर.

झालं असं होतं की यादीत पुस्तकाचा परिचय थोडक्यात दाखवायला मी सबस्ट्र हे पीएचपीचं मजकूर कापायचं फंक्शन वापरून पहिले १०० कापले होते. मला वाटलं १०० अक्षरं, पण सबस्ट्र अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, ३ बाइटचं असतं आणि स्पेस १ बाइटची, त्यामुळे १०० वर कात्री बसली की बऱ्याचदा ती एखाद्या चिन्हाच्या मधोमध बसते आणि अर्धवट बाइट उरतात. मधल्या स्पेस नेमक्या जुळून आल्या तर एखादा परिचय सुटतो, म्हणून काही शोध चालायचे. आणि यादीचं जेसन बनवणाऱ्या जेसन_एनकोडला असा तुटका मजकूर एका ओळीत जरी सापडला तरी ते पूर्ण यादीसाठी फॉल्स देतं, तो फॉल्स आपण एको केला की छापून येतं काहीच नाही. चाळीस पुस्तकांतलं एक बिघडलेलं, पण चाळीसही गायब.

उपाय सोपा आहे, बाइटऐवजी चिन्हं मोजणारं एमबी_सबस्ट्र वापरा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. त्यातही कधीकधी व्यंजन इकडे आणि त्याची वेलांटी तिकडे असं तुटतं, जेसन मोडत नाही पण वाचायला विचित्र दिसतं, ते नको असेल तर इंटल एक्स्टेन्शनमधलं ग्राफीम_सबस्ट्र आहे. आणि पीएचपी ७.३ पासून जेसन_एनकोडला जेसन_थ्रो_ऑन_एरर हा फ्लॅग देता येतो, तो द्याच, म्हणजे गप्प राहून कोरं पान पाठवण्याऐवजी एक्सेप्शन येईल आणि लॉगमध्ये कारण दिसेल. इंग्रजी मजकुरावर टेस्ट करून मराठी साइट चालू करणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो, म्हणून टेस्ट डेटा मराठीच घ्या, कळकळीने सांगतोय.

एक गोष्ट मात्र चूक नाही. रिस्पॉन्समध्ये मराठीऐवजी बॅकस्लॅश-यू आणि आकडे दिसले तर घाबरू नका, पार्स झाल्यावर नीट मराठीच येते. चार-पाच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र डेटाबेस कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट तपासा, तो यूटीएफ८एमबी४ हवा.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे 'अनएक्स्पेक्टेड टोकन' आणि पुढे लेस-दॅनचं चिन्ह. याचा अर्थ जेसनच्या जागी एचटीएमएल आलंय, बस. मग नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स उघडून बघा नेमकं काय आलंय, कोड बदलायच्या आधी बघा. बहुतेक वेळा पीएचपीची वॉर्निंग जेसनच्या आधी छापलेली असते, लाइव्ह सर्व्हरवर डिस्प्ले_एरर्स बंद ठेवून एरर लॉगमध्ये घ्या. किंवा सेशन (युजरच्या लॉगिनची सर्व्हरवरची नोंद) संपलेलं असतं. हे जरा नीट समजून घ्या, कारण इथे फसगत होते. सर्व्हर लॉगिन पेजकडे ३०२ (म्हणजे 'तिकडे जा') देतो, जावास्क्रिप्टमधलं रिक्वेस्ट पाठवणारं फेच तो रीडायरेक्ट आपला आपण पाळतं, लॉगिनचं पान २०० ने येतं आणि तुमचा कोड त्यालाच डेटा समजतो. एजॅक्सच्या यूआरएलवर रीडायरेक्ट करूच नका, सरळ ४०१ (लॉगिन नाही) द्या आणि सोबत छोटं जेसन, मग लॉगिनकडे न्यायचं काम ब्राउझरमधला कोड करेल.

स्टेटस कोडवरून आठवलं. आत 'सक्सेस: फॉल्स' लिहून वर २०० पाठवायची सवय सोडा. आणि उलट बाजूने, ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरवर बिघाड) आला म्हणून फेचचा चुका पकडणारा कॅच चालत नाही, तो नेटवर्क तुटलं वगैरे तरच चालतो, त्यामुळे रिस्पॉन्स.ओके तपासणं आपल्यावर आहे.

कॉर्सबद्दल थोडंच, म्हणजे एका साइटच्या पेजला दुसऱ्या डोमेनवरचा डेटा वाचू द्यायचा की नाही, त्याचा नियम. पोस्टमनमध्ये (रिक्वेस्ट तपासून बघायचं टूल) चालतं आणि ब्राउझरमध्ये नाही, कारण हा नियम ब्राउझर लावतो. कुकी पाठवायची असेल तर सर्व्हरच्या अलाऊ-ओरिजिन हेडरला तारा (*, म्हणजे कुणीही) चालत नाही, डोमेन (पुढच्या एचटीटीपीएससकट) नावानिशी लिहावं लागतं. आणि कधीकधी कन्सोल कॉर्स म्हणून ओरडतो पण खरं दुखणं वेगळंच असतं, सर्व्हर ५०० ने पडलेला असतो आणि त्या एरर पेजवर कॉर्सचा हेडर नसतो, म्हणून आधी सर्व्हर लॉग.

अजून एक छुपा प्रकार, यादीतले नको ते आयटम गाळणारं पीएचपीचं ॲरे_फिल्टर. मधले आयटम गळले की किल्ल्या (आयटमचे क्रमांक) ०, २, ५ अशा उरतात, मग जेसनमध्ये लिस्टऐवजी ऑब्जेक्ट जातो आणि जावास्क्रिप्टमध्ये मॅप चालत नाही. ॲरे_व्हॅल्यूज लावून पाठवा. १६ किंवा त्याहून जास्त आकड्यांचे आयडी स्ट्रिंग करून पाठवा, ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे जावास्क्रिप्टचे पूर्णांक भरवशाचे नाहीत.

पेज स्लो वाटतंय, चार रिक्वेस्ट एकदम सोडल्या तरी एकामागून एक येतायत? क्वेरीला दोष द्यायच्या आधी सेशन बघा. सेशन_स्टार्ट झालं की पीएचपी सेशनच्या फाइलला लॉक लावतं आणि त्याच युजरच्या बाकी रिक्वेस्ट दाराशी ताटकळतात. प्रत्येकीला १ सेकंद लागत असेल तर चौथी ४ सेकंदांनी येणार. सेशनमधून हवं ते वाचून झालं की लगेच सेशन_राइट_क्लोज करा. त्यानंतर सेशनमध्ये काही लिहिलं तर ते साठत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि शोधाच्या बॉक्सचं राहिलंच. माणूस 'पु' टाकतो, मग 'पुणे', दोन रिक्वेस्ट जातात आणि 'पु' चं उत्तर मोठं असल्याने मागाहून येऊन 'पुणे' ची यादी पुसून टाकतं. यावर मी सर्व्हरकडून उत्तरासोबत शोधलेला शब्दही परत पाठवतो, ब्राउझरमध्ये तो बॉक्समधल्या शब्दाशी जुळला तरच यादी दाखवायची, नाहीतर टाकून द्यायची.