इंग्लंडात पाण्याचं बिल कसं वाचावं, कसं कमी करावं

इथे वीज-गॅसची कंपनी हवी तेव्हा बदलता येते. पाण्याची येत नाही. घर ज्या भागात, त्या भागाची कंपनी, विषय संपला. 1989 साली थॅचरबाईंच्या सरकारने इंग्लंड आणि वेल्समधली दहा सरकारी जल-प्राधिकरणं विकली, पाइप, गटारं, शुद्धीकरण केंद्रं सगळ्यांसकट. आमच्या नागपुरातही 2012 पासून खासगी कंपनी पाणी देते, पण जाळं महापालिकेचंच, कंपनी करारावर ते चालवते. इथे मालकीच कंपनीची. स्कॉटलंडमध्ये मात्र सेवा अजून सरकारी आहे आणि पैसे कौन्सिल टॅक्सबरोबर (इथली घरपट्टी) जातात, त्यामुळे ग्लासगोच्या मावसभावाचा सल्ला लंडनच्या हॅरोत लावू नका.

आणि हॅरो, वॉटफर्डकडे राहत असाल तर तुमच्या दोन कंपन्या आहेत: नळाचं पाणी अ‍ॅफिनिटीचं, सांडपाणी थेम्सचं. कुठे दोन्ही एकाच बिलात येतं, कुठे वेगवेगळं. म्हणून तक्रार करण्याआधी बिलावर ‘पाणी’ आणि ‘सांडपाणी’ या ओळींसमोर कोणाचं नाव आहे ते बघा. नाहीतर अर्धा तास होल्डवर थांबल्यावर पलीकडची बाई गोड आवाजात सांगते, हे आमच्याकडे येत नाही.

किल्ल्या हातात आल्या की सामान लावायच्या आधी मीटर शोधा. बहुतेक वेळा तो घरासमोर फुटपाथवर, तळहाताएवढ्या झाकणाखाली असतो. जाड स्क्रूड्रायव्हरने झाकण उचला. आत थंडीसाठी फोमचा तुकडा असतो, तो काढा (परत ठेवायचा आहे!), चिखल आणि गोगलगाई बाजूला करा. काळे आकडे घनमीटरचे, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. लाल आकडे घनमीटरपेक्षा कमी पाण्याचे. बिलासाठी ते लागत नाहीत. तारखेसकट फोटो काढा, आणि मीटरवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. एकाच खड्ड्यात दोन घरांचे मीटर असतात तिथे अदलाबदल होते, आणि मग एकट्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला पाच माणसांच्या घराचं बिल जातं. तो बिचारा भरतही राहतो.

लाल आकडे बिलासाठी नाहीत, पण गळती पकडायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. रात्री सगळे नळ, वॉशिंग मशीन बंद करून बघा. आकडे हलत असतील तर किचनच्या सिंकखालचा स्टॉप टॅप (घराचं पाणी तोडणारा मुख्य नळ) बंद करा आणि पुन्हा बघा. थांबले तर गळती घरात आहे, आणि बहुतेक वेळा ती फ्लशच्या टाकीत असते; कमोडच्या भांड्यात आतून, मागच्या बाजूला टॉयलेट पेपरचा कोरडा तुकडा चिकटवा, सकाळी ओला झाला की सापडली. थांबले नाहीत तर गळती जमिनीखालच्या पाइपात. घराच्या हद्दीपासून आतला पाइप घरमालकाचा, बाहेरचा कंपनीचा. आतला फुटला तरी लगेच दुरुस्त करून ‘लीकेज अलाउन्स’ मागा, वाया गेलेल्या पाण्याचे पैसे बहुतेक कंपन्या एकदा माफ करतात. आपणहून मात्र कोणी सांगत नाही.

मीटर नसेल तर बिल घराच्या ‘रेटेबल व्हॅल्यू’वर, म्हणजे जुन्या घरपट्टीसाठी ठरवलेल्या भाडेमूल्यावर येतं, आणि हा आकडा 1990 नंतर बदललेलाच नाही. तुम्ही दोघं राहता की आठ जण, त्याला काही घेणंदेणं नाही. ढोबळ हिशेब असा: बेडरूम माणसांइतक्या किंवा जास्त असतील तर मीटर बहुधा परवडतो. तो फुकट बसवून मिळतो, आणि पटला नाही तर साधारण दोन वर्षांच्या आत जुन्या पद्धतीवर परत जाता येतं. पण तुम्ही राहायला आलात तेव्हाच मीटर होता, तर परतीची वाट नाही. इथे माणशी रोज सुमारे 140 लिटर पाणी लागतं. आई-बाबा सहा महिने येणार असतील तर ते धरूनच गणित मांडा.

आता ज्या ओळीकडे कोणी बघत नाही ती: ‘सरफेस वॉटर ड्रेनेज’. छतावरचं पावसाचं पाणी कंपनीच्या गटारात जातं असं गृहीत धरून हा आकार लावतात. तुमच्या बागेत शोषखड्डा असेल आणि पाणी तिथेच मुरत असेल तर हा आकार माफ होतो. घर विकत घेताना सॉलिसिटरने (वकिलाने) ड्रेनेज सर्चचे, म्हणजे घराचं पाणी-सांडपाणी कुठे जातं याच्या तपासणीचे कागद दिले असतील, त्यात उत्तर सापडतं. अर्ज एका पानाचा असतो. लवकर करा, मागच्या वर्षांचे पैसे सहसा मिळत नाहीत.

तुंबलं तर? फक्त तुमच्या घराचा ड्रेन तुमच्या हद्दीत असेपर्यंत तुमचा. शेजाऱ्यांबरोबर सामाईक असलेला ऑक्टोबर 2011 पासून कंपनीचा, तुमच्या अंगणातून जात असला तरी. म्हणून प्लंबरला दोनशे पौंड मोजण्याआधी कंपनीला फोन करा. आणि दिवाळीत चकल्या तळून उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. 2017 मध्ये व्हाइटचॅपलच्या गटारात 250 मीटर लांब, 130 टनांचा चरबीचा गोळा सापडला होता. तेल बाटलीत भरून ठेवा.

एप्रिल 2025 मध्ये सरासरी वार्षिक बिल 123 पौंडांनी वाढून 603 झालं, आणि 2030 पर्यंत ते वाढतच राहणार आहे. थकलं तरी घरगुती पाणी तोडायला 1999 च्या कायद्याने बंदी आहे. पण थकबाकीने क्रेडिट स्कोअर बिघडू शकतो, तेव्हा गप्प बसू नका. उत्पन्न कमी असेल तर सोशल टॅरिफ, म्हणजे सवलतीचा दर विचारा. बेनिफिट (सरकारी आर्थिक मदत) मिळत असतील आणि घरात शाळकरी मुलं तीन किंवा जास्त असतील, किंवा आजारपणामुळे पाणी जास्त लागत असेल, तर मीटरवाल्यांसाठी ‘वॉटरशुअर’ आहे, त्यात बिलाला वरची मर्यादा पडते.

तक्रार आधी कंपनीकडे, लेखी. पुरवठा बंद पडला, अपॉइंटमेंट देऊन माणूस आलाच नाही, घरात सांडपाणी शिरलं, यासाठी ठरलेली भरपाई असते आणि 2025 पासून ती दुप्पट किंवा त्याहून जास्त झाली आहे. कंपनीने दाद दिली नाही तर ‘सीसीडब्ल्यू’ या ग्राहक संस्थेकडे जा, ती फुकट मध्यस्थी करते. ऑफवॉटला पत्र लिहीत बसू नका. तो नियामक कंपन्यांचे दर ठरवतो, एकेकट्याचं बिल बघत नाही, आणि त्यालाच गुंडाळायचं सरकारने जाहीर केलंय.