राणीच्या बागेत लेकरांना नेताय? नाशिककरांनो, या चुका टाळा

नाशकात मोठं प्राणिसंग्रहालय नाही. पोरांनी ‘वाघ बघायचाय’ असं टुमणं लावलं की पुण्याचं कात्रज, नाहीतर भायखळ्याची राणीची बाग. आम्ही दोन्ही करून झालोय, चुकांसकट.

पहिली चूक बुधवारची. सुट्टी बुधवारी मिळाली म्हणून कात्रज गाठलं, तर फाटक बंद. बुधवारी कात्रज बंद असतं आणि राणीची बागसुद्धा. (बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राणीची बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, तेही ध्यानात ठेवा.) पाच तास गाडीत बसलेल्या चार वर्षांच्या मुलाला ‘आज वाघाला सुट्टी आहे’ हे सांगून बघा एकदा!

दुसरी चूक खास आपली. निघताना मिसळ खायची आणि मग कसारा घाट उतरायचा. मोठ्यांना चालतं, पोरं खर्डीच्या आत ओकतात. मुलांना घाटापर्यंत केळं, कोरडी पोळी, बस्स. २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून घाटाची वळणं टाळता येतात. तरी लहान मुलं असतील तर मी पंचवटी एक्सप्रेसच म्हणेन. दादरला उतरून लोकलने भायखळा. जायचं-यायचं आरक्षण मात्र आधीच करा. संध्याकाळी दमलेलं मूल कडेवर घेऊन कल्याणपर्यंत उभं राहण्यात काही मजा नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, वेळेची. नाशिकहून सकाळी निघालं की बागेत शिरायला अकरा वाजतात आणि नेमका तेव्हाच वाघ झोपतो. वाघ-बिबट्यांची धावपळ पहाटे आणि तिन्हीसांजेला, भर दुपारी ते सावली शोधून आडवे होतात. मग पालक काचेवर थापा मारतात, शिट्ट्या घालतात, ‘ए उठ रे!’ ओरडतात. मुलं तेच शिकतात. संग्रहालयातल्या प्राण्यांना डिवचणं, आवाज करून त्रास देणं, खायला घालणं या सगळ्याला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. शेंगदाण्याचा एक दाणासुद्धा नको.

यावर उपाय साधा आहे. ठाण्या-डोंबिवलीत प्रत्येक नाशिककराची एखादी आत्या असतेच. आदल्या रात्री तिच्याकडे मुक्काम करा आणि फाटक उघडताना हजर व्हा. तेवढं जमत नसेल तर आल्याआल्या मोठे प्राणी बघून घ्या आणि उन्हाच्या वेळेला पेंग्विनच्या थंडगार दालनात शिरा. मे महिन्यात मात्र जाऊच नका. मुंबईचा घामट उकाडा आपल्या पोरांना सोसत नाही. डिसेंबर-जानेवारी बरा.

पेंग्विनबद्दल घरीच सांगून ठेवा, नाहीतर ‘बर्फ कुठंय?’ म्हणून रडारड होते. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या मूळ घरीही बर्फ नसतो.

‘तिकीट काढलंय तर सगळं बघू’ हा हट्ट मुलांचा नसतो, आपला असतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तीन-चार प्राणी पुष्कळ झाले. आमचा धाकटा पाणघोड्यापेक्षा त्याच्या तळ्यात पाणी सोडणाऱ्या पाइपाकडे अर्धा तास बघत होता. मी दोनदा ओढलं, मग सोडून दिलं. हरिणं राहिली, काही बिघडलं नाही.

गर्दीत हात सुटतोच. मुलाच्या मनगटावर बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा आणि चुकामूक झाली तर कुठे उभं राहायचं ते दाखवून ठेवा. घारापुरीहून आणलेला काळा दगडी हत्ती त्यासाठी उत्तम खूण आहे. एवढा मोठा हत्ती कुठलंच पोर विसरत नाही.

आणि मूल तीनच्या आतलं असेल तर मुंबईचा घाटच कशाला घालता? निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडता उजाडता पोहोचायचं. दहा वाजता गेलात तर पक्षी लांब पाण्यात ठिपक्याएवढे दिसतात. लाल-पिवळे भडक कपडे नकोत, दुर्बीण हवी. तीही दोन घ्या, एका दुर्बिणीवरून भावंडांची जुंपली की आधी पक्षी उडतात.