बँडसाठी ट्यूब ॲम्प निवडताना

ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांनी (ट्यूबनी) आवाज वाढवणारा गिटारचा ॲम्प्लिफायर, घ्यायचा ठरला की बहुतेक गिटारवादक सर्वांत आधी वॅटचा आकडा पाहतात आणि १०० वॅटचा ॲम्प ५० वॅटच्या ॲम्पपेक्षा दुप्पट मोठ्याने वाजेल असे गृहीत धरतात. कानाचे गणित तसे चालत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. हा फरक जाणवतो, पण फार मोठा नसतो. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. बाकी सारे सारखे असेल तर १०० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या ॲम्पपेक्षा सुमारे दुप्पटच मोठा वाटतो. म्हणून आकड्याऐवजी वेगळा प्रश्न विचारावा: आपला ड्रमर नेहमीच्या जोराने वाजवत असताना त्याच्या बरोबरीला येईपर्यंत या ॲम्पचा स्वर स्वच्छ राहतो की फाटू लागतो, आणि या दोहोंपैकी आपल्याला काय हवे आहे?

ट्यूब ॲम्पमध्ये गिटारचा क्षीण संकेत आधी प्रीॲम्पच्या लहान ट्यूबमध्ये, बहुधा १२एएक्स७ या प्रकारच्या, वाढवला जातो. तेथून तो पॉवर ट्यूबकडे जातो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्गे स्पीकरपर्यंत पोहोचतो. व्हॉल्यूम वाढवत नेला की एका टप्प्यावर पॉवर ट्यूबची कुवत संपत येते. लहरींचे माथे हळूहळू दबू लागतात, तार जोरात छेडली तर आवाज क्षणभर आक्रसून मग फुलतो, आणि हलक्या हाताने छेडली तर तोच स्वर पुन्हा निवळतो. बोटांना मिळणारा हा प्रतिसाद हेच ट्यूब ॲम्पसाठी जास्त पैसे मोजण्याचे खरे कारण आहे. मात्र तो मिळण्यासाठी ॲम्पला पुरेसे काम पडावे लागते. सरावाच्या लहान खोलीत १०० वॅटच्या ॲम्पचा व्हॉल्यूम दहापैकी दीड-दोनच्या पुढे नेता येत नाही, त्यामुळे त्याच्या पॉवर ट्यूब जवळजवळ निवांतच राहतात. मास्टर व्हॉल्यूम असलेल्या ॲम्पमध्ये कमी आवाजातही गेन, म्हणजे प्रीॲम्पमधील संकेताची वाढ, वाढवता येतो, परंतु ते डिस्टॉर्शन, म्हणजे स्वराचे फाटणे, प्रीॲम्पचे असते. अनेक शैलींना ते अगदी योग्य असते. तरीही दोन्हींचा पोत वेगळा असल्याने खरेदीपूर्वी आपण कोणत्या डिस्टॉर्शनच्या शोधात आहोत हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे.

एवढे मोठे ॲम्प मुळात का बनले, हे पाहिले तर आजची निवड सोपी होते. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचे दुकान चालवणारे जिम मार्शल यांच्याकडे १९६२ मध्ये जेटीएम ४५ हा पहिला मार्शल ॲम्प तयार झाला आणि त्याची मांडणी फेंडर बेसमन या अमेरिकन ॲम्पवर आधारलेली होती. पुढे ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंड यांना आणखी मोठा आवाज हवा होता, आणि १९६५ च्या सुमारास मार्शलचे १०० वॅटचे ॲम्प आले. त्या काळी सभागृहातील पीए, म्हणजे प्रेक्षकांसाठीची ध्वनिक्षेपण यंत्रणा जेमतेम गायकाचा आवाज पेलत असे. गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी ॲम्पवरच होती. आज रंगमंचावर ॲम्पसमोर शुअर एसएम५७ सारखा माइक लावला जातो आणि प्रेक्षकांपर्यंतचे काम पीए करतो. ॲम्पला आता फक्त रंगमंचावरच्या सहकाऱ्यांपर्यंत पोहोचायचे असते, म्हणून बहुसंख्य बँडसाठी १५ ते ४० वॅट पुरेसे ठरतात, असे माझे ठाम मत आहे.

या मर्यादेत कोठे थांबायचे हे वाजवण्याच्या शैलीवर ठरते. ब्लूज किंवा जुन्या धाटणीचे रॉक वाजवणाऱ्याने १५ ते २२ वॅटचे ॲम्प आधी ऐकावेत. फेंडर डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा असून त्यात ६व्ही६ या दोन पॉवर ट्यूब आणि १२ इंची एक स्पीकर असतो. व्हॉल्यूम चारच्या आसपास गेला की तो फाटू लागतो, आणि ड्रमबरोबर वाजवताना ती पातळी साधारण जुळून येते. व्हॉक्स एसी१५ मधील ईएल८४ ट्यूबचा आवाज अधिक चमकदार असतो आणि लवकर फाटतो. फंक, जॅझ किंवा चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात ज्याला स्वच्छ कॉर्ड हवेत, त्याला मात्र १५ वॅट अपुरे पडतील. त्याने ६एल६ ट्यूब असलेले ४० वॅटचे ॲम्प पाहावेत. ८५ वॅटचा फेंडर ट्विन रिव्हर्ब स्वच्छतेचा आदर्श मानला जातो, पण त्याचे वजन सुमारे २९ किलो असते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सराव असेल तर वजन हा निवडीचा गंभीर निकष ठरतो. मेटल वाजवणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे डिस्टॉर्शन प्रीॲम्पमधून येते, आणि पाम म्यूट केलेले (तळहाताच्या कडेने तारा दाबून छेडलेले) खालचे सूर घट्ट राहावेत म्हणून पॉवर विभागात शिल्लक ताकद लागते. त्यामुळे ५० ते १०० वॅट त्यांच्यासाठी समर्थनीय आहेत.

वॅटइतकेच, किंबहुना कधी त्याहून जास्त, महत्त्व स्पीकरला असते. १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल देतो, हा आकडा त्याच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक साधारण ९८ डेसिबल देतो, तर व्हिंटेज ३० हा १०० डेसिबल. म्हणजे ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवणे हे आवाजाच्या दृष्टीने ॲम्पची शक्ती दुप्पट करण्यासारखेच असते.

आता प्रत्यक्ष ऐकण्याविषयी. ॲम्प तपासताना स्वतःची गिटार आणि नेहमी वापरत असलेली पेडल घेऊन जावे; दुकानातील महागडी गिटार जोडून ऐकले तर कौल त्या गिटारबद्दलचा मिळतो. बेस, मिडल आणि ट्रेबल मध्यावर ठेवावेत, रिव्हर्ब (आवाजातील घुमारा) पूर्ण बंद करावा. मग व्हॉल्यूम तीन, पाच आणि सात असा वाढवत प्रत्येक टप्प्यावर एकच मोकळा ई कॉर्ड छेडून तो विरेपर्यंत ऐकावा. विरताना स्वर एकसंध राहतो की तुटक खरखर होते, हे शेवटच्या दोन-तीन सेकंदांत कळते. नंतर ॲम्पला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम दहावरून पाचवर आणावा. चांगल्या ॲम्पमध्ये आवाज निवळतो आणि तरीही जिवंत राहतो. काही ॲम्प या वेळी निस्तेज होतात, आणि बँडमध्ये एकाच गाण्यात रिदम व लीड दोन्ही वाजवायचे असल्यास तो दोष फार जाचतो. ऐकताना ॲम्पला खेटून उभे राहू नये. १२ इंची स्पीकरचे वरचे सूर सरळ समोर जातात, त्यामुळे जमिनीवरच्या ॲम्पजवळ उभ्या असलेल्या वादकाच्या गुडघ्यांना ट्रेबल मिळतो आणि कानांना मिळत नाही. मग तो ट्रेबल वाढवत नेतो आणि समोरच्यांचे कान किटतात. ॲम्प खुर्चीवर ठेवून दोन-तीन मीटर मागे सरकावे.

एकट्याने ऐकलेला आवाज आणि बँडमध्ये ऐकू येणारा आवाज यांत मोठे अंतर असते. घरी बेस वाढवून आणि मिडल घटवून भरदार वाटणारी गिटार बँड सुरू होताच नाहीशी होते, कारण खालची जागा बेस गिटार आणि किक ड्रमने घेतलेली असते, तर वरची जागा सिंबल्सने. गिटारची हक्काची जागा मधल्या सुरांत आहे. जुन्या धाटणीच्या फेंडर ॲम्पमध्ये मिडल मुळातच दबलेला असतो, मार्शलमध्ये तो पुढे येतो, आणि दोन्हींचा उपयोग आहे. बँडमध्ये दोन गिटारवादक असतील तर दोघांनी एकाच स्वभावाचे ॲम्प घेऊ नयेत; एकाकडे फेंडर आणि दुसऱ्याकडे मार्शल किंवा व्हॉक्स अशी विभागणी केली की दोघेही कमी आवाजात स्पष्ट ऐकू येतात. शक्य असल्यास मनात भरलेला ॲम्प एका सरावापुरता भाड्याने घ्यावा. ड्रमसह घेतलेला तो एक सराव दुकानातील कित्येक फेऱ्यांपेक्षा अधिक सांगून जातो.

इतर सोयींपैकी इफेक्ट्स लूप, म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर विभाग यांच्या मध्ये पेडल जोडण्याची सोय, डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब पेडल वापरणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे, विशेषतः डिस्टॉर्शन प्रीॲम्पमधून घेत असल्यास. डिस्टॉर्शनही पेडलमधूनच घेणाऱ्याला त्याची निकड नाही. शक्ती निम्मी करणारा खटका उपयोगी असतो, पण तो आवाज फक्त ३ डेसिबलने कमी करतो, त्यामुळे घरी रात्री वाजवता येईल ही अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

विजेचा मुद्दा आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. अमेरिकेतील नातेवाइकाकडून ॲम्प मागवणारे अनेक जण आहेत. तेथील वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ, तर आपली २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. मागवण्यापूर्वी मागच्या पट्टीचा स्पष्ट फोटो घ्यावा. तेथे केवळ १२० व्होल्ट लिहिले असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर अनिवार्य आहे आणि पट्टीवरील वीजवापराच्या किमान दीडपट क्षमतेचा तो असावा. केवळ ६० हर्ट्झसाठी बनलेला ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो, म्हणून पट्टीवर ५०/६० असे दोन्ही आकडे असलेलाच ॲम्प मागवावा. बाजारातील अनेक स्टेप-डाउनना दोन पिनांचेच सॉकेट असते आणि त्यात अर्थिंग तुटते. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. हात तारांवर आणि ओठ माइकला असताना त्यातील एका बाजूचे अर्थिंग सदोष असेल तर बसणारा झटका जीवघेणा ठरू शकतो. कार्यक्रमाच्या जागी सॉकेट टेस्टर लावून पाहण्याची सवय प्रत्येक बँडने लावून घ्यावी, आणि हम (गुणगुणल्यासारखा सततचा आवाज) येतो म्हणून ॲम्पची अर्थिंगची पिन कधीही काढू नये.

स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालू करून वाजवणे हीदेखील महागात पडणारी गोष्ट आहे, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हेड (स्पीकरशिवायचा ॲम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगवेगळे घेणाऱ्याने दोन्हींचे ओहम, म्हणजे ४, ८ किंवा १६, जुळवावेत आणि मध्ये स्पीकरचीच केबल वापरावी, गिटारची नव्हे.

जुना ॲम्प घेताना तो किमान अर्धा तास तापू द्यावा. अनेक दोष गरम झाल्यावरच प्रकट होतात. प्रीॲम्पच्या ट्यूब बाहेरून दिसत असतील तर त्यांवर पेन्सिलीच्या लाकडी टोकाने हलकेच टिचकी मारावी. बारीक ठक ऐकू आली तर ठीक. घंटेसारखा नाद घुमला किंवा शिट्टी सुरू झाली तर ती ट्यूब बदलावी लागेल. हे निमित्त करून ॲम्प नाकारू नये, कारण एक १२एएक्स७ बदलणे सोपे आणि तुलनेने स्वस्त असते. सतत मोठा हम, जळका वास किंवा पॉवर ट्यूबच्या आतील धातूची पट्टी लालबुंद होणे ही मात्र गंभीर लक्षणे आहेत. कोकणात किंवा मुंबईत काही पावसाळे काढलेल्या ॲम्पचे जॅक गंजलेले आणि कापडी जाळीमागे बुरशी धरलेली आढळते, म्हणून मागची बाजू टॉर्च लावून पाहावी. चेसिस स्वतः उघडू नये. बंद केल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात.

पैसे देण्यापूर्वी आपल्या शहरात ट्यूब ॲम्पचा बायस (पॉवर ट्यूबमधून सतत वाहणाऱ्या विजेची पातळी) जुळवून देणारा तंत्रज्ञ कोण आहे याची चौकशी करावी, कारण ६एल६ किंवा ईएल३४ असलेल्या बहुतेक ॲम्पमध्ये पॉवर ट्यूब बदलल्यावर ते काम करून घ्यावे लागते. पॉवर ट्यूबची एक जुळवलेली जोडी, एक १२एएक्स७ आणि मागच्या पट्टीवर लिहिलेल्या मूल्याचे दोन फ्यूज ॲम्पबरोबरच विकत घ्यावेत आणि ते ॲम्पच्या पिशवीतच राहू द्यावेत.