मराठीच्या तासातून वाचनाची गोडी कशी लावावी

कुमारभारती (नववी-दहावीचे मराठीचे पाठ्यपुस्तक) हातात आली की बहुतेक मुले आधी स्वाध्याय उघडतात. गोडी तिथेच मरते, कारण मग डोळे गोष्ट वाचत नाहीत, उत्तर शोधतात. पाठ वर्गात सुरू होण्याच्या आदल्या रात्री एकदा सलग वाचा. पेन्सिल नको. गाइड तर दप्तरातच राहू द्या.

शब्द अडला तर लगेच शब्दार्थांकडे धावू नका. ग्रामीण बोलीतला संवाद असेल तर तो मोठ्याने म्हणा. डोळ्यांना न कळलेले पुष्कळदा कानाला कळते. तरीही अडलेच, तर फक्त तेवढ्या शब्दाखाली रेघ. पानभर रेघा मारल्या की पुन्हा अभ्यासच होतो. कविता तीनदा म्हणा, रसग्रहण नंतर.

खरी चावी लेखक-परिचयात असते. पाठ कुठल्या पुस्तकातून घेतला, हे तिथे किंवा पाठाच्या शेवटी बारीक टायपात दिलेले असते. आवडलेल्या पाठाचे मूळ पुस्तक त्याच आठवड्यात शाळेच्या ग्रंथालयातून काढा. उशीर केला की ओढ ओसरते. (कपाटाला कुलूप असेल तर सरांच्या मागे लागा.) सुरुवातीला छोट्या प्रकरणांचे पुस्तक बरे. ‘श्यामची आई’ रात्रींमध्ये विभागलेली आहे, म्हणून एका बैठकीला एक रात्र पुरते. कादंबरी असेल तर रोज वीस मिनिटे, मोबाइल दुसऱ्या खोलीत. तीस पानांनंतरही मन लागत नसेल तर खुशाल परत करा आणि दुसरे घ्या.