ऑटोक्लेव्ह नीट लावायचा तर आधी हवा घालवा

छोट्या दवाखान्यात हत्यारं-कापड वाफेने निर्जंतुक करायचा जो उभा, वरून झाकण लावायचा ऑटोक्लेव्ह असतो त्याबद्दल लिहितोय, मोठ्या हॉस्पिटलातलं व्हॅक्यूमवालं मशीन वेगळं. तत्त्व कुकरचंच. उघड्या भांड्यात पाणी १०० डिग्रीला उकळतं, मग आच कितीही वाढवा, पण वाफ कोंडून दाब चौरस इंचाला १५ पाउंडांवर नेला की १२१ डिग्री मिळतात आणि तिथे १५-२० मिनिटांत स्पोअरसुद्धा (जंतूंची टणक कवचातली बीजरूपं) मरतात, धनुर्वाताचे वगैरे, जे नुसत्या उकळण्याला दाद देत नाहीत. त्यामुळे "उकळून घेतलंय की" हे उत्तर चालत नाही.

जंतू मारते ती गरम वाफ, दाब नाही. वाफ गार कात्रीला लागली की तिचं पाणी होतं आणि होता होता किलोमागे जवळपास २२०० किलोज्यूल उष्णता तिथेच सोडते. कोरड्या हवेला हे जमत नाही, म्हणून तर हॉट एअर ओव्हनला १६० डिग्रीवर दोन तास लागतात.

आता खरी गोम. आत हवा अडकली तरी दाबाचा काटा १५ वर जातो, त्याला काय, दाब हवेचा का वाफेचा हे कळत नाही. पण अर्धीच हवा निघाली असेल तर तापमान ११२ च्या आसपास, आणि अजिबात निघाली नसेल तर जेमतेम १००! म्हणजे काटा बरोबर, वेळ बरोबर, आणि सामान कच्चं.

म्हणून सुरुवातीपासून असं करा. हत्यारं आधी ब्रशने घासून धुवा, रक्त वाळलं असेल तर त्याखाली वाफ पोचत नाही, आणि हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या पाण्यात) बुडवली असतील तर साध्या पाण्याने खळखळून काढा नाहीतर गंजतील. कात्र्या, फोर्सेप्स (चिमटे) उघडे ठेवा. ड्रमची (सामान भरायच्या भोकांच्या डब्याची) भोकं उघडी आहेत ना बघा (हे हमखास विसरतं), गॉज आणि कापड सैल भरा, कोंबू नका. पाणी तापवायच्या कॉइलच्या वर हवं, शक्यतो डिस्टिल्ड. झाकणाचे नट समोरासमोरचे जोडीने आवळा.

वरची तोटी उघडी ठेवूनच चालू करा. आधी फुसफुस करत हवा-वाफ मिसळून येते, मग सलग जोरदार धार लागते, ती लागल्यावरही ५-१० मिनिटं जाऊ द्या आणि मगच तोटी बंद. काटा १५ वर पोचला की तिथून वेळ मोजायची, स्विच दाबल्यापासून नाही. सुटी हत्यारं २० मिनिटं, ड्रम किंवा कापडाचे गठ्ठे ३०. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या उंचीवर बाहेरचा दाबच कमी, तिथे दोनेक पाउंड जास्त ठेवा.

झालं की बंद करून वाफ हळूहळू सोडा. पण आत सलाईन किंवा मीडियाच्या (जंतू वाढवायच्या द्रवाच्या) बाटल्या असतील तर अजिबात सोडू नका, काटा आपोआप शून्यावर येऊ दे, नाहीतर आतलं उसळून बाटली फुटते. बाटल्यांची झाकणंही ढिली हवीत. हत्यारांसाठी झाकण किंचित उघडून १५-२० मिनिटं सुकू द्या, मग लगेच ड्रमची भोकं बंद. ओला निघालेला ड्रम मी तरी वापरणार नाही, ओल्या कापडातून जंतू आरामात आत जातात, पुन्हा लावा.

पॅकवर लावलेल्या ऑटोक्लेव्ह टेपवर काळे पट्टे आले म्हणजे पॅक गरम झाला एवढंच, बाकी गॅरंटी नाही. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जंतूच्या स्पोअरची, आठवड्यातून एकदा त्याची अँप्युल (बंद काचेची कुपी) ड्रमच्या अगदी मध्यभागी ठेवा, नंतर ५५-६० डिग्रीला इन्क्युबेट करा (ऊबेत ठेवा), सोबत एक ऑटोक्लेव्हला न लावलेली अँप्युलही. जंतू जिवंत असतील तर जांभळा द्रव पिवळा होतो. न लावलेली पिवळी झाली आणि आपली जांभळीच राहिली तर पास. दोन्ही जांभळ्या राहिल्या तर टेस्टच बाद, नवीन अँप्युल घ्या.

आणि व्हॅसलीन, तेल, पावडर यात घालू नका, वाफ त्यांच्या आत शिरत नाही, ते काम हॉट एअर ओव्हनचं.